माठ वाजवून घ्यावा

चार-पाच महिन्यांत इथे एक ओळ लिहिली नाही. दोघातिघांनी मेल करून विचारलं, पुण्याच्या मावशीने तर सौ.ला फोन करून "त्याची तब्येत बरी आहे ना गं?" अशी चौकशीही केली. तब्येत ठणठणीत आहे. लिहायला विषयही होता, पण तो तडीला लागेपर्यंत लिहायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. विषय असा की मी आमच्या चिरंजीवांसाठी चिलखत खरेदी करत होतो.

नाही, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकासाठी नाही. खरंखुरं. छातीवर एक, पाठीवर एक अशा दोन प्लेटा आणि त्या धरून ठेवणारा एक बिनबाह्यांचा अंगरखा. इकडे त्याला प्लेट कॅरिअर म्हणतात.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी (जुन्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल). आम्ही ओहायोत, डेटनच्या जवळ राहतो. मी सीओईपीचा मेटलर्जीचा माणूस. आधी नऊ वर्षं मुंढव्याच्या एका फोर्जिंग कारखान्यात, आणि १९९८ पासून इकडे एका हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये. थोडक्यात, आयुष्यभर पोलाद तापवलं, पोलाद विझवलं आणि त्यावरच घर चाललं. मुलगा मेकॅनिकलला गेला तेव्हा मला जो आनंद झाला होता तो याच ब्लॉगवर तुम्ही सोसला आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये डेटनच्या ओरेगन डिस्ट्रिक्टमध्ये मध्यरात्रीनंतर एकाने बेछूट गोळीबार केला. नऊ माणसं मेली. पोलिसांनी त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिपला, आणि तेवढ्यात नऊ. आमचे चिरंजीव त्या रात्री घरीच होते, पण त्याचे दोन मित्र त्या रस्त्यावर होते. दोघेही वाचले. त्यानंतर एका वर्षाने त्याने इंजिनिअरिंग सोडलं, आधी इएमटी झाला, मग पॅरामेडिक. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही. पुढची चार-पाच वर्षं आमच्यात बोलणं होतं ते गाडीचं इंजिन ऑइल, बर्फ कोण काढणार आणि आजीचा फोन येऊन गेला का, इतपत.

तर या मार्चमध्ये एका संध्याकाळी तो घरी जेवायला आला. आमटी-भात झाला आणि ताट उचलता उचलता म्हणाला, "बाबा, तुला पोलादातलं कळतं ना? एक विचारायचं होतं."

लोक हो, माझा मुलगा मला पोलादाबद्दल काही विचारतो आहे हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की तो नेमकं काय विचारतो आहे याकडे पहिली दोन मिनिटं माझं लक्षच नव्हतं.

प्रश्न असा होता. पूर्वी कुठे गोळीबार झाला की ॲम्ब्युलन्सवाले दूर थांबायचे, पोलिसांनी सगळं सुरक्षित आहे असं सांगेपर्यंत. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत एक शिक्षक असेच तासन् तास मदतीची वाट बघत रक्तस्रावाने गेले. त्यानंतर हळूहळू पद्धत बदलली. आता बऱ्याच ठिकाणी गोळीबार करणारा एका बाजूला अडकवला की पोलिसांच्या संरक्षणात पॅरामेडिकची छोटी तुकडी आत जाते, रक्त थांबवते आणि जखमींना बाहेर काढते. त्या तुकडीत चिरंजीवांनी नाव दिलं होतं. (हे त्याच्या आईला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. तो भाग वेगळा आणि बराच मोठा आहे.) त्यांच्या सेवेकडे दर गाडीमागे दोन जॅकेटं आहेत, सगळ्यांत मिळून. त्यातलं एक एक्स्ट्रा लार्ज. ते आमच्या सव्वापाच फुटी मुलावर आजोबांचा कोट घातल्यासारखं लोंबतं. शिवाय ती जॅकेटं मऊ. स्वतःचं घ्यायचं असेल तर घ्या, पण पैसे तुमचे. त्याचं बजेट पाचशे डॉलर, आणि माझ्याकडून एक सेंट घ्यायचा नाही असं त्याने आधीच जाहीर केलं.

मऊ जॅकेट म्हणजे केव्हलारसारख्या धाग्यांच्या थरांचं. हा धागा १९६५ मध्ये ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला. पिस्तुलाची गोळी त्यात जाळ्यात मासा अडकावा तशी अडकते. पण रायफलची गोळी टोकदार आणि दुप्पट-तिप्पट वेगाची, ती आरपार जाते. ओरेगन डिस्ट्रिक्टमध्ये रायफलच्याच गोळ्या होत्या. तेव्हा कडक प्लेट हवी, इथवर आमचं दोघांचं एकमत झालं.

"किती वेळ लागतो त्यात!" असं म्हणून मी कामाला लागलो. आणि लगेच चूक केली.

कडक प्लेटा तीन जातींच्या मिळतात: पोलादी, सिरॅमिकच्या आणि पॉलिएथिलीनच्या. माझ्यासारख्याने काय निवडलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. स्वस्तातल्या पोलादी प्लेटा ज्या स्टीलच्या असतात त्याची कठीणता साधारण ५०० ब्रिनेल. हे स्टील मला हाताच्या रेषांसारखं माहीत. खडी वाहणाऱ्या डंपरच्या पत्र्याला, क्रशरच्या अस्तराला हेच घराणं लागतं. पाव इंच जाडी, पडली तरी फुटत नाही, वीस वर्षं टिकेल, आणि जोडी एकशे साठ डॉलरला! वर काळं रबरासारखं कोटिंगही होतं. मी चिरंजीवांना न विचारता मागवून टाकली. "अरे, सिरॅमिक म्हणजे कपबशी. कपबशी बांधून कोणी लढाईला जातं का?" हे माझं त्या वेळचं वाक्य. सौ.ने ते लक्षात ठेवलं आहे आणि हल्ली रोज चहाच्या वेळी मला ऐकवते.

प्लेटा आल्या. वजनकाट्यावर ठेवल्या, एकेक चार किलो. मुलाने उचलून बघितली, काही बोलला नाही. चार दिवसांनी फोन आला. "बाबा, कॅप्टन म्हणतात एनआयजेच्या यादीत असलेलीच चालेल. ही यादीत नाहीये."

मला राग आला. छत्तीस वर्षं मी पोलाद ओळखतो आणि मला यादी दाखवता? त्या रागातच वाचायला बसलो, कॅप्टनला खोटं पाडायचं म्हणून. दोन रात्री वाचत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा माझं मत बदललेलं होतं, आणि ते कसं सांगायचं या विवंचनेत मी अंगणातलं गवत कापलं.

पहिली गोष्ट तुकड्यांची. कठीण पोलादावर गोळी आदळली की ती आत जात नाही हे खरं, पण ती नाहीशीही होत नाही. तिच्या चिंधड्या होतात आणि त्या प्लेटीच्या पृष्ठभागाला धरून चहूबाजूंना सुटतात. वर काय असतं? गळा आणि हनुवटी. बाजूला दंड. वरचं कोटिंग हे तुकडे धरून ठेवण्यासाठीच असतं, पण एकाच जागी दुसरी-तिसरी गोळी बसली की ते किती धरेल याचा भरवसा कोणी द्यावा? हे वाचताना मला मुंढव्याचा एक प्रसंग आठवला. आमच्याकडे एक जुनी छिन्नी होती, ठोकून ठोकून डोकं अळंबीसारखं पसरलेलं. ग्राइंडरवर घासून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा सांगायचं राहिलं. एका दुपारी घण बसला, डोक्याची नखाएवढी कपची उडाली आणि शेजारी उभ्या असलेल्या हेल्परच्या दंडात घुसली. इतका लहान तुकडा, आणि त्याला तीन टाके पडले. जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच मुलाच्या गळ्याखाली बांधायला निघालो होतो.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि इथे तर माझा अभ्यासच उघडा पडला. चाचणीतली ७.६२ मिलीमीटरची रायफलची गोळी साडेनऊ ग्रॅमची, सेकंदाला ८४७ मीटर वेगाची. तिची ऊर्जा काढली तर सुमारे ३,४०० ज्यूल येते. ही गोळी असली पोलादी प्लेट अडवते. दुसरी ५.५६ ची, एआर रायफलमध्ये वापरतात ती, जेमतेम साडेतीन ग्रॅमची. वेग ९९० मीटर, ऊर्जा साधारण १,७५० ज्यूल, म्हणजे पहिलीच्या निम्मी. माझ्या हिशोबाने ही बिचारी आपटून खाली पडायला हवी. प्रत्यक्षात लांब नळीतून पूर्ण वेगाने आली तर ही हलकी गोळीच या पोलादाला भोक पाडू शकते. इतक्या वेगाने आघात झाला की पोलादाला पसरायला, उष्णता वाटून घ्यायला वेळच मिळत नाही. एका बारीक वर्तुळात ते मऊ पडतं आणि बुचासारखा तुकडा बाहेर पडतो. हे मी सीओईपीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं! एकशे साठ डॉलरला जोडी दिसली आणि विसरलो.

"ते पोलाद परत पाठवू या," एवढंच मी त्याला फोनवर सांगितलं. "का?" म्हणाला. मग मी छिन्नीची गोष्ट सांगितली. ती त्याने कधी ऐकली नव्हती. मुंढव्याच्या फार थोड्या गोष्टी मी त्याला सांगितल्या आहेत हे तेव्हा लक्षात आलं. परत पाठवण्यात माझे पंचावन्न डॉलर गेले, पंधरा टक्के दुकानदाराने कापले आणि वर आठ किलोचं टपाल. ते मात्र मी त्याच्या बजेटात धरू दिले नाहीत.

मग आम्ही दोघं मिळून बसलो, दर रविवारी, डायनिंग टेबलावर.

आता त्या यादीबद्दल. एनआयजे म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस, अमेरिकेच्या न्याय खात्याची संस्था. पोलिसांच्या चिलखतांचे निकष ही संस्था ठरवते, नमुने प्रयोगशाळेत फोडून बघते आणि उतरलेल्या मालाची यादी लावते. प्लेटीमागे एक विशिष्ट चिकणमाती भरतात आणि गोळी मारतात. गोळी अडली तरी मातीत खड्डा पडतो, तो ४४ मिलीमीटरपेक्षा खोल चालत नाही. (४४ मिलीमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याच्या टोकापासून पहिल्या पेराच्याही पुढे. "अडली" या शब्दाचा अर्थ हा असा आहे.) २००८ च्या निकषात रायफलसाठी दोन पायऱ्या होत्या, लेव्हल तीन आणि लेव्हल चार. २०२३ मध्ये नवा निकष आला आणि नावं आरएफ-१, आरएफ-२, आरएफ-३ अशी झाली. बाजारात जुनी-नवी दोन्ही नावं ऐकू येतात. शिवाय दुकानदारांनी आपल्या मनाने काढलेली "तीन प्लस" नावाची एक पायरी आहे, ती जुन्या निकषात कुठेच नव्हती.

आणि जाहिरातींची भाषा! "एनआयजेच्या निकषांनुसार तपासलेली" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, झालं. पण निकषांनुसार तपासली म्हणजे कोणी तपासली? आणि एकच नमुना तपासला की कारखान्यातून निघणाऱ्या मालावर पुढेही लक्ष आहे? यादीत नाव असणं ही वेगळी गोष्ट. आमच्या लहानपणी तुळशीबागेत आई कुकर घ्यायला गेली की दुकानदार म्हणायचा, "आयएसआयसारखाच आहे वहिनी, फक्त मार्क नाही." आई पिशवी उचलून चालू लागायची. मी हे मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मग आजीनेच प्लेट निवडायला हवी होती."

यादीवरचा विश्वासही आंधळा नको हे खरंच. झायलॉन नावाच्या धाग्याची हलकी जॅकेटं एके काळी रीतसर मान्यता मिळवून पोलिसांच्या अंगावर होती. उष्णता आणि दमटपणाने तो धागा आतून कुजतो हे पुढे कळलं, २००३ मध्ये असं जॅकेट भेदून एक पोलीस जबर जखमी झाला आणि २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनला बाद केलं. पण चूक झाल्यावर ती कबूल करून माल बाद करणारं कोणीतरी आहे, हेही त्या यादीतच आलं.

उरल्या दोन जाती. पॉलिएथिलीन पाहून मी चाटच पडलो. घरातल्या बादलीच्या प्लास्टिकचाच हा थोरला भाऊ, धाग्यांचे शेकडो थर दाबून केलेला. प्लेट दीड-पावणेदोन किलोची. पाण्यावर तरंगते! मुलाला तीच हवी होती. गुडघ्यावर बसून सीपीआर द्यायचा, माणूस उचलायचा, तर अंगावर दगड कशाला? मुद्दा बरोबर होता. पण टोकाला हिरवा रंग दिलेली ५.५६ ची एक गोळी येते, तिच्या पोटात पोलादाचा छोटा टोकदार तुकडा असतो. साध्या पॉलिएथिलीनच्या प्लेटीतून ती बहुतेक वेळा निघून जाते. आणि ही गोळी आमच्या इथे दुकानात डब्याने मिळते. दुसरं म्हणजे उष्णता. जास्त तापलं की हे प्लास्टिक ताकद गमावू लागतं, बनवणारेच सांगतात की उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. चिरंजीवांचं चिलखत राहणार कुठे? गाडीच्या डिकीत. जुलैत.

राहता राहिली कपबशी.

सिरॅमिकचं काम समजून घेताना मला खरी मजा आली. स्वस्त प्लेटांत ॲल्युमिना असतं, महागात सिलिकॉन कार्बाइड, त्याहून महागात बोरॉन कार्बाइड. जितकं महाग तितकं हलकं. हे सगळे पोलादाहून कितीतरी कठीण. गोळीचं टोक त्यावर आपटलं की टोकच चुरडतं, बोथट होतं. सिरॅमिकही तडकतं, पण आतल्या बाजूला शंकूसारखं पसरत तडकतं आणि सगळा मारा मागच्या मोठ्या भागावर वाटला जातो. मागे धाग्यांचा जाड थर असतो, तो उरलेले तुकडे झेलतो. म्हणजे फुटणं हा त्याचा दोष नाही, तेच त्याचं काम. पोलाद मोडत नाही याचा मला आयुष्यभर अभिमान. आणि इथे जे मोडतं तेच माणूस वाचवतं, हे पचायला मला एक आठवडा लागला.

त्याची किंमतही आहे. लेव्हल चारची चाचणी कठीण पोलादी गाभ्याच्या गोळीची असते, पण एका प्लेटीवर एकच. दुसरी गोळी त्याच जागी आली तर काय, हे ती चाचणी सांगत नाही. आपटली, पडली तर आत बारीक तडा जाऊ शकतो आणि बाहेरून दिसत नाही. आणि स्वस्तातली ॲल्युमिनाची प्लेट काही फुलासारखी हलकी नसते. आमची सव्वातीन किलोची आहे, म्हणजे पोलादीपेक्षा पाऊण किलोनेच कमी. इथे निर्णय मुलाने दिला. "बाबा, पोलीस दिवसभर घालतात, मला अर्धा तास घालायचंय. अर्धा तास जड चालेल." हे मला सुचलं नव्हतं. मी वस्तूचा विचार करत होतो, तो कामाचा.

एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवतो, कोणाला गरज पडू नये तरी. काही प्लेटा एकट्याने काम करतात आणि काहींना मागे मऊ जॅकेट लागतंच. दुसरी जात स्वस्त दिसते, आणि हे तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आम्ही जवळजवळ फसलो होतो.

शेवटी यादीतल्या, एकट्याने चालणाऱ्या, लेव्हल चारच्या दोन प्लेटा, एकशे पंच्याहत्तरला एक. दुकानाने ओळखपत्रसुद्धा मागितलं नाही. हे मला खटकलं आणि अजून खटकतं. हिंसक गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला चिलखत बाळगायला इथे केंद्रीय कायद्याने बंदी आहे, बाकी ओहायोत कोणीही घ्यावं. ओरेगन डिस्ट्रिक्टमधल्या त्या माणसाच्या अंगावरही चिलखत होतं. मे २०२२ मध्ये बफेलोच्या सुपरमार्केटात दहा जणांना मारणाऱ्याच्या अंगावरही होतं. तिथल्या सुरक्षारक्षकाने, तो निवृत्त पोलीस होता, नेम धरून मारलेली गोळी त्या चिलखताने अडवली आणि मग तो रक्षकही मारला गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने ठरावीक व्यवसायांखेरीज इतरांना चिलखत विकायला बंदी घातली. आम्ही न्यूयॉर्कात असतो तर खिडकीवर उभं राहून मुलाच्या नोकरीचे कागद दाखवावे लागले असते. मी आनंदाने दाखवले असते.

कॅरिअरचं फार लांबवत नाही. त्याने एकही गोळी अडत नाही, ती फक्त पिशवी. तरी मी इथेही कंजूषपणा केला. चाळीस डॉलरचं मागवलं, प्लेटा घातल्या, खांद्याच्या पट्ट्याला धरून उचललं आणि शिलाई उसवली. वापरलेलं कॅरिअर घ्यायला हरकत नाही असं जाणकार म्हणतात, वापरलेली प्लेट मात्र नको. तिने आधी काय काय सोसलं आहे, कोणाला माहीत? आम्ही एकशे तीसचं नवं घेतलं. त्याला एका ओढीत सुटणारी दोरी आहे, म्हणजे घालणाराच जखमी झाला तर इतरांना ते पटकन काढता येतं. (ही सोय पॅरामेडिकच्या मुलाने पहिल्यांदा बघितली, बापाने शेवटी.) रंग गडद निळा. काळा नको, पोलीस वाटेल. हिरवा-मातकट नको, सैनिक वाटेल. कमरेभोवती जो रुंद पट्टा येतो त्याला इंग्रजीत चक्क कमरबंद म्हणतात, आपलाच शब्द, साहेबाच्या देशात जाऊन थोडा उच्चार बिघडवून परत आलेला.

मापं मी घेतली. प्लेटीचं माप शर्टाच्या मापावर ठरत नाही. गळ्याखाली दोन हाडांच्या मध्ये जी खळी असते, प्लेटीची वरची कड तिथे यायला हवी. तिथून खाली बेंबीच्या दोन-तीन इंच वरपर्यंत, आणि रुंदी साधारण एका स्तनाग्रापासून दुसऱ्यापर्यंत. एवढ्यात हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांचा बराच भाग येतो. सौ.ने शिवणकामाची टेप काढून दिली आणि स्वतः आत निघून गेली. मुलगा शर्ट काढून स्वयंपाकघरात उभा राहिला. शेवटचं माप मी त्याचं कधी घेतलं होतं? बहुधा मुंजीच्या सोवळ्याचं. खळीवर अंगठा ठेवला तर त्याखाली नाडी लागत होती. "बाबा, आकडा सांग ना," म्हणाला. मी आकडा दोनदा चुकलो. दहा बाय बाराची प्लेट निघाली, जी बाजारात सगळीकडे मिळते.

मग साताऱ्याला व्हिडिओ कॉल. आईपासून हे लपवावं असं सौ.चं म्हणणं होतं, पण आजीपासून नातू काही लपवत नाही. त्याने अंगावर चढवूनच दाखवलं. आई खूप वेळ बघत राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये ती आमच्याकडे आलेली होती. करकरेसाहेब सीएसटीवर हेल्मेट आणि जॅकेट चढवत आहेत ही टीव्हीवरची दृश्यं आम्ही तिच्याबरोबरच पाहिली होती. काही तासांत ते, कामटे, साळसकर गेल्याची बातमी आली. त्या जॅकेटावरून पुढे केवढा वाद झाला, ते सापडतच नाही इथपर्यंत! आणि ओंबळे तर साताऱ्याकडचेच, केडंब्याचे. त्यांच्या हातात लाठी होती. आई यातलं काहीच बोलली नाही, पण तिला तेच आठवत होतं हे मला कळलं.

"चिलखत छान आहे रे," ती म्हणाली. "महाराजांनी प्रतापगडाला जाताना अंगरख्याच्या आत घातलं होतं. तुझं वरून दिसतंय."

"आजी, माझं दिसायलाच हवं. लोकांना कळायला हवं की मी मदतीला आलोय."

"बरं. आणि पोट?"

"पोटाला नसतं, आजी. छातीपुरतंच. पोटाला लागलं तर हॉस्पिटलात न्यायला वेळ असतो थोडा."

"मानेला?"

"नाही."

आई थांबली. मग मला म्हणाली, "तू एवढा शिकलास, तुला पुरतं चिलखत मिळालं नाही होय?"

काय उत्तर देणार? पुरतं घातलं तर त्याला वाकता येणार नाही, हात हलवता येणार नाहीत, मग तो आत जाऊन करणार काय, असं काहीतरी मी सांगितलं. तिला पटलं नाही. मला स्वतःला पटलं आहे का, विचारू नका.

मेपासून ते त्याच्या गाडीत असतं, माझ्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, आडवं, वर काही न ठेवता. अजून एकदाही घालायची वेळ आलेली नाही. रविवारी तो जेवायला आला की डिकी उघडून देतो, मी प्लेटा बाहेर काढतो आणि बोटाच्या पेराने वाजवून बघतो. माठ घेताना आई वाजवायची तशा, चारी कोपरे आणि मधोमध. तडा असेल तर आवाज बद येतो. अर्थात नेमकं कळायला एक्स-रे लागतो, पेराने वाजवून फार काही कळत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. तरी तो हातात किल्ली घेऊन उभा राहतो. मागच्या रविवारी वाजवून झाल्यावर विचारलं, "काय म्हणतो माठ?"

"ठीक आहे," म्हटलं, "चल, पोळ्या गार होतायत."